पर्समधलं अर्धा किलोचं ओझं

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचं एक छोटं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. वजन अवघं पाचशे ग्रॅम. पॉइंट बत्तीस बोअर, सहा गोळ्या. किंमत त्या वेळी १ लाख २२ हजारांच्या वर. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या त्या घटनेने सगळा देश हादरला होता, आणि नावही त्याच आठवणीतून ठेवलेलं. गंमत म्हणजे ते रिव्हॉल्वर दागिन्याच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत यायचं. बाई म्हटलं की डबी मखमली हवीच, असं कुणाच्या तरी मनात आलं असणार!

बंदुकीच्या हिंसेत घरधनी गमावलेल्या मणिपूरच्या बायकांसाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच या नावावर आणि या विचारावर कडक टीका केली होती. सव्वा लाखाचं हत्यार घेऊन बाईने स्वतःचं रक्षण स्वतःच करावं, हा तर दिल्लीच्या त्या मुलीच्या स्मृतीचा अपमान आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला ते पटतं. पण तरीही हा लेख लिहिते आहे, कारण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतही आता काही जणींच्या हाती परवाना असतो. सराफी पेढी सांभाळणारी, पेट्रोल पंपाचा गल्ला रोज बँकेत नेणारी, मळ्यातल्या घरात एकटी राहणारी. नवरा गेल्यावर व्यवसाय अंगावर पडतो, आणि त्याच्याबरोबर ही गोष्टही. अशीच एक ताई आमच्या केंद्रात आली. परवाना मंजूर झालेला, खरेदीची मुदत चालू, आणि प्रश्न असा, ‘‘वहिनी, दुकानदार दोन दाखवतो. दोन्ही सारखीच दिसतात. कुठलं घेऊ?’’

प्रश्न साडीच्या दुकानातल्यासारखा वाटतो ना? पण त्या प्रश्नाच्या मागे बरंच काही आहे.

आधी कायद्याने काय घेता येतं ते पाहू, म्हणजे यादी आपोआप छोटी होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी हे सगळं बांधलेलं आहे. वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांकडे. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा कागदही मागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात (पूर्वी तीन चालत) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. नवऱ्याच्या नावावर हत्यार असेल तर तो गेल्यावर ते तसंच कपाटात राहू देऊ नका. ते जमा करायचं असतं आणि वारसाने आपल्या नावाने रीतसर अर्ज करायचा असतो. हे माहीत नसल्याने कितीतरी घरांत वडिलोपार्जित बंदूक बेकायदा होऊन बसते.

परदेशी सिनेमात दिसणारं पॉइंट अडतीस बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. म्हणून इथे चर्चा फिरते ती पॉइंट बत्तीसभोवती. त्यातलं एक जुन्या बांधणीचं सरकारी रिव्हॉल्वर, वजन साधारण सातशे ग्रॅम. दुसरं वर सांगितलेलं हलकं निर्भीक, त्यात टायटॅनियम मिश्रधातू वापरून वजन उतरवलेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आलं, तेही सातशे ग्रॅमच्या आसपास, नळी ७६ मिलिमीटरची. (ऑक्टोबर २०२१ मध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या एका कंपनीचं हे.) उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉट या जुन्या इंग्रजी नावाचं बत्तीस बोअरही आता बनतं. आणि बंगालच्या ईशापूर कारखान्यातलं ‘निडर’, पॉइंट बावीसचं, वजन अडीचशे ग्रॅमच्या घरात. हातात खेळण्यासारखं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ आहे, सगळ्यात हलकं घ्या. पर्समध्ये ओझं नको! त्या ताईचंही तेच म्हणणं होतं. निर्भीक तिने हातात धरलं आणि लगेच, ‘‘हेच बरं.’’

इथेच थांबायला हवं. गोळी पुढे जाते तेव्हा हत्यार तेवढ्याच जोराने मागे येतं. शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम हाच. गोळी तीच, दारू तीच, पण हत्यार हलकं असेल तर मनगटाला बसणारा झटका मोठा. जड हत्यार स्वतःच्या वजनाने तो झटका पिऊन टाकतं. म्हणजे जे पर्समध्ये हलकं वाटतं तेच हातात जड जातं. बत्तीस बोअरची गोळी तशी सौम्य, त्यामुळे झटका सहन न होण्यासारखा नसतो. पण पहिल्या गोळीनंतर नळी वर उचलली जाते, आणि दुसरी गोळी पुन्हा नेमावर आणायला सवय नसलेल्या हाताला वेळ लागतो.

अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे म्हणा ना. तिथे स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर काढलं, कपड्याखाली लपवून बाळगण्यासाठी. १९८९ मध्ये त्याच कंपनीने बायकांसाठी म्हणून ‘लेडीस्मिथ’ नावाची मालिका आणली. पुढे हलक्या धातूची आली, आणि २००९ मध्ये रुगर कंपनीने प्लॅस्टिकचा भाग वापरून तसंच एक आणलं. या दोन्ही कंपन्यांच्या हलक्या मॉडेलांत फरक शोधायला बसलात तर डोकं दुखेल. दोन्ही साधारण चारशे ग्रॅमच्या आसपास, दोन्हींत पाचच गोळ्या, दोन्हींचा घोडा आत झाकलेला, म्हणजे बाहेर काढताना कापडात अडकत नाही. तिथले शिकवणारे लोक एक गोष्ट वारंवार सांगतात. नवशिक्या बाईला दुकानदार हटकून सगळ्यात छोटं आणि हलकं विकतो, ती एकदा सरावाला जाते, हात दुखावून घेते आणि मग ते ड्रॉवरमध्ये पडतं. छोटं रिव्हॉल्वर हे खरं तर सरावलेल्या हाताचं काम आहे. आपल्यातल्या कुणाकुणाच्या लेकी-सुना तिकडे आहेत. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं.

तर मग सारख्या दिसणाऱ्या दोनातून निवडायचं कसं? त्या ताईबरोबर मी दुकानात गेले होते. दुकानदार जुना, पासष्टीचा, शांत माणूस. त्याने हत्यार उघडून रिकामं असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग आम्हाला दाखवलं, मगच हातात दिलं. ज्या दुकानात ही पद्धत पाळत नाहीत तिथून निघून यावं.

पहिली गोष्ट त्याने पाहिली ती ताईचा पंजा. मूठ धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचायला हवं. बोट ताणावं लागलं तर चाप दाबताना सगळं हत्यार एका बाजूला ओढलं जातं. आपल्या बायकांचे हात लहान, त्यात मूठ पुरुषी मापाची, म्हणून हा मुद्दा वजनापेक्षा मोठा. काही मुठींवर लाकडी किंवा रबरी आवरण बदलता येतं, तेही विचारावं.

दुसरी गोष्ट चापाची. रिव्हॉल्वरमध्ये दोन प्रकारे गोळी सुटते. एक तर अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवायचा आणि मग चाप हलकाच दाबायचा. किंवा सरळ चाप दाबायचा, म्हणजे त्याच एका ओढीत चक्री फिरते, घोडा मागे जातो आणि आपटतो. या दुसऱ्या प्रकारात बोटाला चांगलीच ताकद लागते. तीच त्याची सुरक्षितताही आहे, कारण सहज धक्का लागून चाप दबत नाही. पण संकटात अंगठ्याने घोडा ओढत बसायला कुणाला सुचणार? म्हणून रिकाम्या हत्यारावर, दुकानदाराला विचारून, सरळ चाप दाबून पाहायचा. सहा वेळा, सलग. चौथ्या वेळी बोट थरथरलं तर समजायचं. (मी पाहिला. तिसऱ्यालाच थरथरलं. रोज कणीक मळते तरी!)

तिसरी, गोळ्या भरण्याची रीत. जुन्या बांधणीचं रिव्हॉल्वर वरची खिट्टी सोडली की मधून मोडतं, नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसं एकदम वर येतात. ‘प्रबल’ची चक्री बाजूला बाहेर येते, देशात बनलेलं तसं पहिलंच असं कंपनीने सांगितलं होतं. मधून मोडणाऱ्याला दोन्ही हात आणि थोडा जोर लागतो. बाजूला उघडणारं सोपं, पण ती चक्री डावीकडे निघते, त्यामुळे डावखुऱ्या बाईने स्वतःच्या हाताने करून पाहावं. आमच्या ताईला बांगड्या आड येत होत्या. तिने तिथेच त्या कोपराकडे सरकवल्या आणि पुन्हा करून पाहिलं.

पन्नास मीटर मारा होतो की वीस, या आकड्यांना फारसं महत्त्व देऊ नये. स्वसंरक्षणाचा प्रसंग खोलीच्या लांबीएवढ्या अंतरात घडतो. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी मोजून दाखवलं होतं की सुरा घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेला उघड हत्यार लावलेल्या शिकलेल्या पोलिसाला ते काढून गोळी झाडायला लागणारा वेळही तेवढाच. आता आपल्या पर्सचा विचार करा. रुमाल, किल्ल्या, मोबाईल, गोळ्यांची पाकिटं, देवळातला प्रसाद, आणि या सगळ्याच्या तळाशी ते.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि विकणारे यावर काहीच बोलत नाहीत. पुरुषाला पट्टा असतो, खिसे असतात. साडीला काय आहे? निऱ्या खोचलेल्या नाडीवर सातशे ग्रॅम लटकवून पाहा, दहा पावलांत साडी खाली. पंजाबी ड्रेसला खिसा असला तरी तो मोबाईलनेच लोंबतो. २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या म्यानात किंवा पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि आपल्या ताब्यात हवं. म्हणजे स्कूटरच्या डिक्कीत टाकून भाजी घ्यायला उतरणं बसत नाही. मोकळ्या पर्समध्ये टाकणं तर घातकच, कारण किल्लीचा जुडगा चापात अडकू शकतो. चाप पूर्ण झाकणारं चामडी म्यान आणि ते एकट्यासाठीच असलेला वेगळा कप्पा, तोही खांद्यावरून छातीवर आडव्या घेतलेल्या पिशवीत, एवढाच एक मार्ग साडी नेसणाऱ्या बाईला उरतो. नाहीतर साडीवर जाकीट घालून आत रुंद कापडी पट्टा. उन्हाळ्यात मराठवाड्यात किंवा विदर्भात ते जमतंय का, तुम्हीच सांगा.

शिवाय आपल्याकडे काय हिसकावलं जातं? पर्सच! पर्स गेली की हत्यारही गेलं, ते चोराच्या हाती पडलं, आणि तुम्ही तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात.

३० डिसेंबर २०१४ ला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एक तरुण आई मुलांना घेऊन दुकानात गेली होती. पर्स बंदुकीसाठी खास कप्पा असलेली, नवऱ्याने नाताळला भेट दिलेली. दोन वर्षांचं लेकरू ट्रॉलीत बसलं होतं, पर्स त्याच्या शेजारी. त्याने चेन उघडली, आतलं पिस्तूल हाती लागलं, आणि आई जागच्या जागी गेली. ती बाई हत्यार हाताळायला शिकलेली होती. ही बातमी मी त्या ताईला दुकानात जायच्या आधीच सांगितली, कारण तिची धाकटी चार वर्षांची आहे आणि आईची पर्स हा तिचा आवडता खेळ.

समुपदेशन केंद्रात बसून आणखी एक गोष्ट दिसते, ती सांगायलाच हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, लग्नाचं आमिष दाखवणारा. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी पर्समध्ये ठेवलेलं रिव्हॉल्वर तिथे काय करणार? ज्या घरात नवरा दारू पितो, हात उचलतो, धमक्या देतो, त्या घरात बाईने संरक्षणासाठी म्हणूनही हत्यार आणू नये, या मताची मी आहे. कपाटाची किल्ली शेवटी कुणाच्या हातात जाते हे आपल्याला माहीत आहे. आणि हत्यार नवऱ्याच्या नावावर असेल व त्याचा धाक दाखवला जात असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमाने त्यांना परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे.

गोळी झाडली तर पुढे काय, हेही हत्यार घ्यायच्या आधी कळायला हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड फेकणं अशा प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क लागू होतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच राहत नाही. पळणाऱ्या साखळीचोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उभी तुम्ही. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत झाडणाऱ्यालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे घरातल्या हौशी दिरांना आधीच सांगून ठेवावं. परवाना तुमचा, तर हत्यारही तुमच्याच हाती. दिराला, ड्रायव्हरला वापरायला देता येत नाही.

त्या ताईचं काय झालं? तिने हलकं घेतलं नाही. सातशे ग्रॅमचं, बाजूला चक्री उघडणारं घेतलं. कारण तिला ते चोवीस तास बाळगायचं नव्हतंच. बँकेत भरणा न्यायचा असतो तो आठवड्यातून तीनदा, गाडीतून, सोबत कामावरचा माणूस. बाकी वेळ ते पेढीच्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. जड असलेलं तिला चालणार होतं, पण हातात स्थिर हवं होतं. मळ्यात एकट्या राहणाऱ्या एखादीने वेगळं ठरवलं असतं आणि तेही बरोबर ठरलं असतं.

रायफल क्लबात ती महिन्यातून दोनदा जाते. सुरुवात तिथल्या शिकवणाऱ्यांनी पॉइंट बावीसवर करून घेतली, कारण त्याचा आवाज आणि झटका कमी, हात घाबरत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं ते याच बावीस बोअरवर. नेमबाजी हा खेळ म्हणून आपल्या मुलींना फार छान आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी क्लब असेल तर जरूर चौकशी करा. क्लबात पहिला धडा नेमाचा नव्हताच. हत्यार कायम भरलेलं आहे असंच समजायचं, नळी कधीही माणसाकडे नाही, आणि बोट चापाबाहेर सरळ. तीन आठवडे तिच्याकडून एवढंच घोटून घेतलं.

खर्चाचा हिशेबही तिने मला दाखवला. हत्यार एकदाच, पण काडतुसं महाग, आणि ती परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात, म्हणून सरावात जपून वापरावी लागतात. म्यान, तेल, ब्रश, तिजोरीचा कप्पा, नूतनीकरणाची फी. कोकणातल्या मैत्रिणींनो, पावसाळ्यात चामडी म्यानातच हत्यार ठेवून दिलंत तर चामडं ओल धरतं आणि लोखंडाला गंज चढतो. तिजोरीत ते म्यानाबाहेर काढून, पुसून ठेवायचं.

बाकी रोजच्यासाठी ती ११२ नंबर मोबाईलवर पहिल्या जागी ठेवते. भरणा नेण्याची वेळ आणि रस्ता दर वेळी बदलते. पेढीत धोक्याची घंटा बसवली आहे, तिचं बटण गल्ल्याखाली पायाशी. आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी छाननी समितीचं पत्र आलं तेव्हा तिने रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा केलं, पोच घेतली, ती पोच परवान्याच्या पुस्तकात ठेवली. आचारसंहिता संपल्यावर ते परत आणायला ती चार दिवस उशिरा गेली. दिवाळीनंतरची लग्नसराई होती, पेढीत गर्दी होती, सवड मिळाली नाही म्हणाली.